सलूनपर्यंतचा रस्ता

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाबा पडले. आमच्याच दुकानासमोर. मी एका बाईंच्या चष्म्याचा स्क्रू आवळत होते, तेवढ्यात बाहेर काठी पडल्याचा आवाज आला. धावले तर बाबा रस्त्यात बसलेले, एक पाय खड्ड्यात, चेहरा अगदी शांत. म्हणाले, "काल हा इथं नव्हता."

खरंच नव्हता. नुसती भेग होती, रात्रीतून कुठल्या तरी ट्रकनं तिचा खड्डा करून ठेवला.

मनगट मोडलंय. प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, "आता या वयात जरा जपून चालायला सांगा त्यांना." ज्या माणसाला दिसत नाही तो जपूनच चालतो हो! जपत नाही ते रस्तेखातं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सकाळी चहा झाल्यावर बाबांनी सवयीनं काठीकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. मला ते बघवलं नाही.

या माणसानं जन्मभर सगळ्या पेठेला चष्मे लावले आणि काचबिंदूनं नेमके त्याचेच डोळे नेले. दुकान आता मी बघते. पण रोज सकाळी ते एकटे, काठी टेकत, कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जातात. दाढी कधीतरीच, बाकी रोज नुसतं भांडायला. सलूनवाला पेपर मोठ्यानं वाचतो, बाबा प्रत्येक बातमीवर हरकत घेतात, गिऱ्हाइकं गालाला साबण फासलेल्या अवस्थेत वाद घालतात. तेवढा वेळ ते कुणाचे आंधळे वडील नसतात. ते नुसते एक आडमुठे गृहस्थ असतात.

मी म्हटलं, चला, मी हात धरून नेते. तर म्हणाले, "हात धरून आणलेला माणूस आत शिरला की सगळे उठून जागा देतात. मला जागा नकोय. मला वाद हवाय."

मागच्या खोलीतली मोडकी प्लास्टिकची खुर्ची आणून खड्ड्यात उभी केली, म्हणजे निदान दुसरं कुणी पडायला नको. फोटो काढला, मोबाइलवर तक्रार केली. धाकट्यानं फोनवर शिकवलं. परदेशात बसून तो मला सांगतो, "ताई, सोपं असतं ग, फोटो टाकायचा, बस."

सोमवार, १० फेब्रुवारी

निरोप आला — 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' मी दुकान तसंच टाकून बाहेर धावले.

खड्डा जागच्या जागी. खुर्ची गायब.

निरोप खालपर्यंत वाचला. 'विभाग : कचरा संकलन. रस्त्यावर टाकलेली खुर्ची उचलण्यात आली.' म्हणजे फोटोत त्यांना खुर्ची दिसली! आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. बाबा इतके हसले की प्लास्टरातला हात ठणकायला लागला. मला हसू आलं नाही. खुर्ची बसायला चांगली होती, फक्त एक पाय कमी होता.

बुधवार, १२ फेब्रुवारी

वॉर्ड ऑफिसला गेले. रस्त्याच्या कामांची एकच खिडकी आहे. खड्ड्याची तक्रार तिथंच, रस्ता खोदायचा परवाना तिथंच. आतल्या बाईंना मी मनातल्या मनात उद्याबाई असं नाव ठेवलंय. कारण विचारायलाच नको.

"तुमची तक्रार बंद झालीय."

"खड्डा उघडा आहे."

"तक्रार बंद आहे म्हणजे खड्डा नाही. नवीन करा."

नवीन केली. उद्या या म्हणाल्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गेले. उद्या या.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सलूनवाला दुपारी पेपर घेऊन घरी आला. बिचारा गिऱ्हाइकं सोडून आला. "काका, तुमच्याशिवाय पेपर वाचायला मजा नाही. सगळे हो ला हो करतात." त्यानं दोन बातम्या वाचल्या. बाबा "असेल, असेल" म्हणाले.

असेल! माझे बाबा 'असेल' म्हणाले! तो गेल्यावर मी मोरीत जाऊन रडले. रागानंच रडले.

सोमवार, ३ मार्च

आज बाबांनी घरात मोरीकडे जाताना भिंतीला हात लावला. या घरात त्यांनी कधीच भिंत धरली नव्हती. आजवर अंधारात मी धडपडायचे आणि ते मला म्हणायचे, दिवा लाव, नाही तर माझ्यामागून ये.

त्यांनी आपली रोजची बसायची खुर्चीही दारातून काढून आत कपाटाशेजारी घेतलीय. म्हणे उन्हाचा त्रास होतो.

कसलं ऊन? त्यांना माहीत आहे की तो खड्डा बाहेर बसलाय. एका खड्ड्यानं रस्ता खाल्ला, आता तो घर खातोय. आणि तिकडे ते 'निवारण' लिहून मोकळे. मी हे सोडणार नाही. तो जाणता माणूस माझ्या डोळ्यांदेखत भिंतीला चिकटत चाललाय आणि मी काय फ्रेमा पुसत बसू?

गुरुवार, ६ मार्च

धाकट्याचा फोन. बाबांना म्हणाला, "मला सांगा, तुम्ही जाता तरी कसे एकटे?" बाबा एकदम खुलले. त्याला सबंध रस्ता सांगत बसले. पायरी उतरली की पाइप टाकून कसाबसा बुजवलेला खडबडीत पट्टा. तो पायाला लागला की डावीकडे. मग गटाराचं डगमगतं झाकण, त्यावर काठी टेकली की खळकन वाजतं. पुढे मुळांनी उचललेला फुगवटा. तो संपला की सलूनच्या तेलाचा वास.

धाकटा म्हणाला, बाप रे. मी मधेच फोन घेतला आणि म्हटलं, ऐकलंस? असला रस्ता त्यांनी इतकी वर्षं तुडवला. एकाही गोष्टीबद्दल कुणी दाद घेतली नाही.

शनिवार, ८ मार्च

मी माझ्यापुरता बंदोबस्त केला. जुन्या पाटीचा पांढरा रंग शिल्लक होता. खड्ड्याभोवती जाडजूड गोल काढला. आता स्कूटरवाल्यांना लांबून दिसेल. सलूनवाला म्हणाला, "झकास, ताई."

मंगळवार, ११ मार्च

काय लिहू? 

सकाळी पाणीखात्याच्या ठेकेदाराची माणसं आली. कुदळी, फावडी, घणाघण सुरू. मला वाटलं, देव पावला. चहा ठेवला त्यांच्यासाठी! बाहेर येऊन बघते तर खड्डा बुजवणं राहिलं बाजूला, ते खड्ड्यात आणखी खड्डा खणतायत. मुकादमाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "बाई, पाइप गळतोय. पांढरा गोल दिसेल तिथं खणायचं, अशी आमची रीत आहे."

मी म्हटलं, अहो, तो गोल मी काढलाय!

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मग तुम्ही कशाला काढलात? तो आमच्या खात्याचा रंग आहे."

त्यांचा स्वतःचा गोल पुढच्या दिव्याच्या खांबापाशी होता, पुसट झालेला. तिथं पाइप गळत होता. इथं काही सापडलं नाही, सापडणार कुठून? अर्धीमुर्धी माती आत ढकलली, वरून पाय दिले आणि गेले. जिथं एक पाय जात होता तिथं आता सबंध माणूस झोपेल. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आणि हो, चहा पिऊन गेले.

बाबा आतून म्हणाले, "मोठा केलास ना?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

बुधवार, १२ मार्च

उद्याबाई : "हा आता खड्डा नाही, चर आहे. खड्डा असता तर रस्तेखात्यानं बुजवला असता. चर ज्याचा परवाना त्यानं बुजवायचा."

"मग त्याला सांगा."

"त्याचा परवाना खांबापाशी खणायचा आहे. तुमच्या दारात त्यानं खणलंच नाही. कागदावर."

म्हणजे खड्डा त्यांचा नाही, चर कुणाचाच नाही! आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, असं मी घरी येऊन तावातावानं म्हणाले आणि जीभ चावली. बाबा म्हणाले, "त्यात मला ओढू नकोस. मी चष्मेवाला, दळणवाला नव्हे." कितीतरी दिवसांनी काहीतरी बोलले.

सोमवार, १७ मार्च

आज सलून बंद. सलूनवाला बाह्या सरसावून आला, कुठूनशी सिमेंटची अर्धी गोण आणली, मी विटांचे तुकडे गोळा केले. दोघांनी मिळून चर भरला. त्याचा हात वस्तऱ्याचा, त्यामुळे वरचा गिलावा अगदी गालासारखा गुळगुळीत झाला. बाबा दारात येऊन बसले होते — दारात! मी त्यांना म्हटलं, वाळू द्या, प्लास्टर निघू द्या, मग बघा.

शुक्रवार, २८ मार्च

हाताचं प्लास्टर निघालं. आमच्या कामाचंही निघालं. खालची माती बसली आणि सिमेंटला मधोमध तडा जाऊन एक बाजू खचली. बाबा पायरी उतरले, काठीचं टोक त्या फटीत गेलं, उभे राहिले, परत फिरले. "उद्या बघू," म्हणाले. आता घरातही एक उद्याबाई!

आणि वर ही नोटीस. दुपारच्या डाकेनं आली. 'सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना काम केल्याबद्दल' — मला! 'रस्ता पूर्ववत करावा, अन्यथा कारवाई करण्यात येईल.'

चोर सोडून संन्याशाला फाशी. पूर्ववत म्हणजे काय हो? परत खड्डा पाडू? पाडते! पण त्यालाही परवाना लागेल ना?

बुधवार, २ एप्रिल

नोटीस घेऊन थेट वॉर्ड ऑफिसच्या वरच्या मजल्यावर गेले. शिपाई अडवत होता, मी म्हटलं, मला बोलावलंय, हा बघा शिक्का. मोठ्या अधिकारी बाई भल्या वाटल्या, पण दमलेल्या. त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता, त्या सारखा वर ढकलत होत्या, आणि बोलता बोलता माझे हात शिवशिवायला लागले.

मी म्हटलं, बाई, तुमच्या एका कागदावर लिहिलंय की तिथं खड्डा नाही. दुसऱ्यावर लिहिलंय की चर नाही. आणि या तिसऱ्यावर तुम्ही स्वतः सही करून सांगताय की तिथं मी काहीतरी बुजवलं. जे नव्हतं ते मी बुजवलं कसं?

त्या नोटीस वाचायला लागल्या. चष्मा पुन्हा घसरला. मग मला राहवेना. म्हटलं, द्या इकडे. पर्समध्ये छोटा पेचकस असतोच. दांडी जरा वाकवली, स्क्रू आवळला, परत दिला. त्यांनी लावला आणि नोटीस पहिल्यापासून वाचली, या वेळी खरोखर वाचली. म्हणाल्या, "वडील अजिबात बाहेर पडत नाहीत?"

नाही म्हटलं. भांडायच्याच सुरात म्हटलं.

त्यांनी फोन उचलला आणि अभियंत्याला जागेवर जायला सांगितलं. मला म्हणाल्या, त्याला सगळं दाखवा.

शुक्रवार, ४ एप्रिल

अभियंता आला. पोरगेलासा, पायात पांढरेशुभ्र बूट. चराजवळ उभा राहून फोटो काढायला लागला. मी म्हटलं, थांबा, एवढ्यावर भागणार नाही. इतके हेलपाटे घातले, आता एक खड्डा बुजवून तोंडाला पानं पुसू नका. त्याला पार कोपऱ्यापर्यंत चालवलं. हा खडबडीत पट्टा बघा, हा कुणी असा बुजवला? हे झाकण बघा, पाय ठेवा, वाजतंय की नाही? हा फुगवटा बघा. बाबांनी धाकट्याला सांगितलेली एकही गोष्ट सोडली नाही. पोरगा मान डोलवत टिपून घेत होता. बूट मळले त्याचे, बरं वाटलं.

बाबा दारातून म्हणत होते, "अगं, एवढं कशाला? खड्डा बुजवा म्हणावं, बस. झाकण राहू दे, ते बरं आहे." जन्मभर सोसायची सवय! मी म्हटलं, बाबा, तुम्ही गप्प बसा. तुमच्यासाठीच चाललंय.



शनिवार, १२ एप्रिल

काही नाही.

बुधवार, १६ एप्रिल

काही नाही. नोटीसही मागे घेतलेली नाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब. मी थांबणार नाही, सोमवारी परत वर जाणार. पेचकस घेऊन.

गुरुवार, २४ एप्रिल

आले! रोलर, डांबराची गाडी, खडीचा ट्रक, माणसं. सबंध रस्ता उकरला. दिवसभर घरात धूर, वास, काउंटरवर काळी पूड, गिऱ्हाईक एक नाही. मी दारात उभी राहून लहान मुलासारखी बघत होते. सलूनवाला तिकडून हात हलवत होता. झाकण नवं बसवलं, पक्कं, रस्त्याच्या पातळीत. फुगवटा तासून काढला. मुकादम तोच, पांढऱ्या गोलवाला; त्याच्या ठेकेदाराकडेच म्हणे रस्त्याचंही काम. म्हणाला, "बाई, या खेपेला रंगबिंग काढू नका." मी म्हटलं, काढायला कारण ठेवू नका.

संध्याकाळी बाबांना हात धरून पायरीवरून खाली वाकवलं, तळवा टेकवायला लावला. अजून कोमट होता रस्ता. पाटीसारखा काळा, सलग, कोपऱ्यापर्यंत एक सुरकुती नाही. त्यांनी बराच वेळ हात फिरवला. म्हणाले, "छान केलंय."

मी जिंकले. लिहून ठेवते, कारण असं रोज लिहायला मिळत नाही. मी एकटी बाई, चष्म्याच्या दुकानातली, आणि सबंध रस्ता करून घेतला.

शनिवार, २६ एप्रिल

बाबा सकाळी तयार. स्वतः इस्त्रीचा सदरा मागितला. काठी घेतली. मी म्हटलं, मी येऊ? ते म्हणाले, "तू दुकान बघ."

मी काउंटरमागून बघत होते. पायरी उतरले. काठी टेकली. टक. पाऊल टाकलं. पुन्हा टक. डावीकडे टेकली, टक. उजवीकडे, टक. सगळीकडे तोच आवाज. मला वाटलं, नव्या रस्त्याची मजा घेतायत. मग ते जरा पुढे गेले, थांबले, वळले, परत वळले. एक स्कूटर सुसाट आली — आता सगळेच सुसाट जातात — आणि त्यांना चुकवून शिवी देऊन गेली. बाबा रस्त्याच्या मधोमध उभे. पायानं चाचपत होते. पट्टा शोधत होते. झाकण शोधत होते.

मी पोचले तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. घट्ट धरला. एकटं उभं राहायचं सोडून त्यांनी माझा हात धरला, आयुष्यात पहिल्यांदा.

"अगं," हळूच म्हणाले, "मी कुठं आहे?"

रविवार, २७ एप्रिल

झाकण राहू दे, ते बरं आहे. त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, मला सगळ्यांना धडा शिकवायचा होता.

 खुर्ची पुन्हा कपाटाशेजारी आहे.

बुधवार, ३० एप्रिल

खिडकी तीच. खड्ड्यांची नव्हे, या खेपेला परवान्याची रांग. कामाचं स्वरूप लिहिलं — नव्या रस्त्यावर पायरीसमोर एक खडबडीत पट्टा करणे, आणि झाकण ढिलं करणे. उद्याबाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. "ताई, तुम्हाला रस्ता बिघडवायचाय?"

हो, म्हटलं.

"कारण काय लिहू?"

वडिलांना सलूनमध्ये जायचंय.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागची खुर्ची ओढून खिडकीपाशी घेतली आणि म्हणाल्या, "बसा. आत्ताच करू."